गळ्यात काय हाय?

आत्याबाई,

नव्या फोनच्या वायरीला कालपेक्षा पाच पीळ जास्त आहेत. घाबरून ती पिळत असतानाही "तुमच्या लेकाचा केजला अपघात झालाय, माणूस पाठवतो, पाटल्या द्या," म्हणणाऱ्याला तुम्ही विचारलंत, "त्याच्या गळ्यात काय हाय?"

तो म्हणाला, "सोन्याची साखळी." आपल्या लिंगायत घरात गळ्यात इष्टलिंग असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. "तूच घाल बाबा ती," म्हणून तुम्ही फोन ठेवलात आणि यांच्या दुकानात फोन लावून यांचा आवाज ऐकलात. मी तर पाटल्या काढून दिल्या असत्या. तुमचे फार उपकार झाले.

भाकरी झाकून ठेवली आहे.

तुम्हाला घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून नोकरी देऊ करणाऱ्या माजलगावच्या कॉलेजला तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. आज तुमच्याच फोनवरून सांगितलं, "सोमवारपासून शिकवायला येते."

कावेरी