लक्ष्मीकांतची हजेरी

१२ नोव्हेंबर, मंगळवार
उंद्रीहून खामगाव, खामगावहून शेगाव. एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि शेवटी नोकरीही मिळाली, म्हणजे दिवस चांगलाच म्हणायचा. स्टेशन रोडवरच्या या लॉजला खाली खानावळ आहे, वर भाविकांच्या खोल्या आणि आम्हा कामगारांसाठी गच्चीवर पत्र्याची खोली. किसनकाका आमच्याच गावचे, इथे ठेकेदाराचे मुकादम आहेत. त्यांनी स्टँडवर येऊन माझी बॅग स्वतः उचलली आणि भेटेल त्याला पोरगा बी.ए. झालेला आहे म्हणून सांगितलं. कुणाला काही फरक पडला नाही.

आईला फोन केला. आता कापूस वेचायला जायचं बंद, तुझ्या गुडघ्यांना सुट्टी, असं म्हणालो. ती हसली आणि जेवलास का म्हणून विचारलं. माझ्या धम्मरत्न या नावाचा तिला फार अभिमान. पूर्ण नावानेच हाक मारते, फोनवरसुद्धा.

१३ नोव्हेंबर
जागा दोनच आहेत. एक संडास-बाथरूमच्या सफाईची, एक खानावळीतली. खानावळीत पगार बरा आणि दोन वेळचं जेवण. कोणाला कुठे लावायचं ते मॅनेजर आडनाव ऐकून ठरवतो, हे काकांनी खाली मान घालून सांगितलं. मग त्यांनीच वाट काढली. खानावळीत लक्ष्मीकांत नावाचा, पुजाऱ्याच्या घरचा एक जण होता, तो काम सोडून गेला. त्याचं नाव अजून हजेरीत आहे, गळ्यात घालायचं कार्डही आहे. त्याला ओळखणारं आता इथे कोणी उरलेलं नाही, मॅनेजरही नवा आहे. काका म्हणाले, “तू लक्ष्मीकांत म्हून लाग बापू. काम करनाऱ्याचं तोंड कोन पाह्यते इथं?”

मी हो म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की काकांनीच एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. पुजाऱ्याच्या घरचं नाव फुकटात मिळालं, अशी मनातल्या मनात गंमत केली. हसू काही आलं नाही. आईला फक्त काम लागलं एवढंच कळवलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
गुरुवारची गर्दी म्हणजे काय ते आज कळलं. कणीक मळून मळून दंड भरून आलेत.

सकाळी मागच्या दाराशी सगळ्यांना उभं करतात. मॅनेजर नावं पुकारतो, आपण हजर म्हणायचं. कोणाला यायला उशीर झाला तर शेजारचा त्याच्या वतीने हजर म्हणून टाकतो, म्हणजे त्याचा दिवसाचा रोज बुडत नाही. सगळेच एकमेकांसाठी हे करतात, मला ते फार आवडलं. लक्ष्मीकांत असा पुकारा झाला तेव्हा तो मीच, हे ध्यानात यायला मला वेळ लागला. तेवढ्यात माझ्या मागून कोणीतरी हजर म्हणालं. आभार मानायला वळलो. मागे भिंत होती.

१७ नोव्हेंबर
पोळ्या लाटायला सिंधूताई आहेत. इथल्या सर्वांत जुन्या त्याच, मधे आजारी होत्या, त्या परत येतील असं काकांना वाटलं नव्हतं, पण आज आल्या. मला पाहून त्यांनी लाटणं खाली ठेवलं. “काऊन रे लक्ष्मीकांत, इतके दिवस कुठं होता तू?” असं विचारून माझी डावी बाही वर केली आणि भाजलेलं बरं झालं का ते पाहू लागल्या. हात साफ होता. त्यांना समाधान वाटलं. मला मात्र वाटलं नाही. या बाईने खऱ्या लक्ष्मीकांतला पाहिलेलं आहे, मग चूक व्हावीच कशी?

मी खुलासा केला नाही. नोकरी जाईल म्हणून, आणि लाज वाटली म्हणूनही.

२० नोव्हेंबर
आज जे केलं ते लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

मोताळ्याचा अश्वजित, माझा कॉलेजातला मित्र, जेवायला आला. मी ताटं उचलत होतो. त्याने लांबूनच मोठ्याने जयभीम घातला. गल्ल्यावर मॅनेजर होता. मी अश्वजितला विचारलं, आपण कोण?

तो मस्करी समजेल, चिडेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं. त्याने माझं तोंड निरखून पाहिलं, माफी मागितली, तुम्ही माझ्या एका दोस्तासारखे दिसता म्हणाला आणि जेवू लागला. अगदी मनापासून म्हणाला. त्याने खरंच मला ओळखलं नाही. मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिलो. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

२३ नोव्हेंबर
डाव्या हातावर डाग आहे. मनगटापासून कोपरापर्यंत, जुना, सुरकुतलेला. मला कधीच भाजलेलं नाही. सिंधूताईंना दाखवला तर त्या म्हणाल्या, तो तर पहिल्यापासूनच आहे.

२६ नोव्हेंबर
किसनकाकांना गच्चीवर गाठलं. आधी टाळत होते, मग खाली बसले. लक्ष्मीकांत सोडून गेला नाही. पुऱ्यांची कढई त्याच्या अंगावर उलटली. अकोल्याला नेताना वाटेतच वारला. चौकशी नको म्हणून ठेकेदाराने त्याचं नाव कापलंच नाही. काम करतोय असंच दाखवत राहिले. “पोरा, तुले बरं काम भेटावं इतकंच माह्या मनात होतं,” म्हणून काका रडले. त्यांना समजवावं असं वाटलं नाही. उद्याच निघून जा म्हणालो असतो स्वतःला, पण आईला काय सांगू? कुठल्या नावाने राबत होतो ते सांगू?

२८ नोव्हेंबर, गुरुवार
ठरवलं होतं, आज तोंड उघडायचंच नाही. ओठ घट्ट मिटून उभा राहिलो. लक्ष्मीकांत असा पुकारा झाला.

हजर.

सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. मी बोललो नव्हतो. आणि तरी घशात — कोणीतरी आतून खाकरल्यासारखं —

१ डिसेंबर
शरमेने कितीतरी दिवस घरी फोन केला नव्हता. आज केला. आईने आवाज ओळखला नाही, कोण बोलताय म्हणाली. आवाज बसलाय, लॉजवरून बोलतोय, असं काहीतरी सांगितलं आणि धम्मरत्नची चौकशी केली.

ती खुशीत होती. “तो तर रोज संध्याकाळी फोन करते,” म्हणाली. परवा रडला. दुसऱ्याच्या नावाने काम करतो हे त्याने कबूल केलं. तिने त्याला माफ केलं.

जे मी सांगायला हवं होतं ते त्याने सांगितलं. माझ्यापेक्षा बरा मुलगा आहे तो —

५ डिसेंबर, गुरुवार
आई आली. उद्या सहा डिसेंबर, विहारात अभिवादन, मला न्यायला आली होती. पांढरं लुगडं नेसून भर गर्दीत दारात उभी राहिली आणि धम्मरत्न म्हणून हाक मारली. मोठ्याने. पूर्ण नावाने.

मॅनेजरने आत वळून विचारलं, हा कोण इथे?

मी पिठाच्या पोत्यांमागे बसलो होतो. मीच. पाय धडधाकट होते. कोणी धरलं नव्हतं. लपलो.

तिने पुन्हा हाक मारली. उठायचं होतं — ओ द्यायची होती — शेजारच्याने ओ द्यावी तशी कोणीतरी दिली.

“हाव, आई.”

माझाच आवाज. माझा जुना आवाज.

धावत बाहेर गेलो. ती स्टँडकडे चालली होती, त्याच्या हाताचा आधार घेऊन. तो तिच्या गुडघ्यांच्या चालीने हळू चालत होता. मी पुढे जाऊन आडवा आलो. तिने माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि म्हणाली, “सरका ना भाऊ, बस चुकन.”

तो वळला नाही.

६ डिसेंबर
हजर म्हणालो. आज मीच म्हणालो. मागून कोणी बोललं नाही.

दुपारी आईला फोन लावला. पलीकडे विहारातली वंदना चालू होती. आईला म्हणालो, मी तुझा — ती म्हणाली, माझा मुलगा माझ्याजवळ बसला आहे, घ्या, त्याच्याशी बोला.

त्याने फोन घेतला. शांतपणे विचारलं, कोण बोलतंय?

मी तोंड उघडलं. सांगायचं होतं — एकच शब्द — आईने ठेवलेला — तो सगळा वेळ वाट पाहत थांबला होता, फोन ठेवला नाही त्याने — आणि मी म्हणालो, मी ल