पेंगकालान गेताहची हजेरी

३ मार्च १९९४
दुपारी होडीने पेंगकालान गेताहला पोचले. धक्क्यावर तवमणी उभी होती. बेचाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. अंगाने सुटली आहे, हसणं मात्र कॉलेजातलंच. म्हणाली, पवळम, अजून छडी घेऊनच फिरतेस का गं? तिने पत्र पाठवून बोलावलं होतं: गावाला ऐंशी वर्षं झाली, त्याचा इतिहास मी लिहायचा. निवृत्त शिक्षिकेला आणखी काय हवं! जेवायला सांबालची तिखट चटणी आणि तळलेली सुकट होती. दोनदा भात घेतला.

५ मार्च
गाव रबराच्या मळ्यातून उभं राहिलं. तवमणीचे आजोबा मुकादम. तमिळ मुलखातून, सेलमकडून, जहाजाने माणसं इथे आणली, तीन वर्षांत घरी पोचवीन अशी नदीकाठी शपथ घेतली. पहिल्याच वर्षी जंगल तोडताना एकसष्ट जण तापाने गेले. गावच्या पत्रकात हे नाही. मी लिहिणार. तवमणीने आजोबांची हजेरीची वही दिली. पानं दमट, काही चिकटलेली.

८ मार्च
गावाचा वाढदिवस. मळ्यातल्यासारखी पहाटेची हजेरी धक्क्यावर घ्यायची होती. तवमणीचा घसा बसला होता; म्हणाली, तूच वाच, मास्तरणीचा आवाज आहे तुझा. मी वहीतली ती एकसष्ट नावं खणखणीत वाचली. गावकरी पाठ फिरवून उभे राहिले. हा कसला उद्धटपणा? तवमणी रडली, मग घरी येऊन पोटभर जेवली.

१० मार्च
पायरीपाशी ओल्या पावलांचे ठसे. पुष्कळ. होडीवाले पाक दाऊद, म्हणजे दाऊदकाका, मला होडीत घेईनात. म्हणाले, चिकगू — मलय लोक शिक्षिकेला असंच म्हणतात — एकट्या असता तर नेलं असतं, एवढ्यांना माझी होडी पुरायची नाही. धक्क्यावर मी एकटीच होते.

१२ मार्च
तवमणीला समोर बसवून विचारलं. तिने शांतपणे सांगितलं. आजोबांची शपथ पुरी झाली नाही; आता जो नावं घेईल त्याने त्या एकसष्टांना घरी न्यायचं. जमत नसेल तर रोज पहाटे वाचायचं, म्हणजे ते काठावर थांबतात. अकरा वर्षं ती वाचत होती. थकले गं, म्हणाली. तूही कुणाला तरी बोलाव. विश्वासाने येणारं माणूस हवं, बस्स.
विश्वासाने. बेचाळीस वर्षं!

१३ मार्च
माझ्या जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. लगेच निघते, टीचर, म्हणाली पोर. नको म्हटलं. फोन ठेवला.

१४ मार्च
वाचलं नाही. मी कुणाची मुकादम नाही. पाच पायऱ्या ओल्या —

१५ मार्च
तवमणी गाव सोडून गेली. दाऊदने होडीतून नेलं तिला. ती एकटी होती ना.

१६ मार्च
दाराबाहेर आहेत. वाचते आहे. प्रत्येक नावाला ओ येते, फळीच्या पलीकडून. खोकत. साठ — एकसष्ट —
चिकटलेलं शेवटचं पान सुटलं. बासष्टावं नाव. तवमणीचं अक्षर. खाली तारीख, मला पत्र पाठवण्याआधीची.
पवळम.
मी नाही वाचलं. बाहेरून कुणीतरी वाचलं. आता सगळे गप्प. वाट बघताहेत. तोंड दाबून धरलंय, तरी आतून ओ —