मी "वाजतंय" म्हणालो

डॉक्टरसाहेब, त्या दुपारी रेवदंड्याला तुमच्या पोटाला कान लावून मी "वाजतंय" म्हणालो. वाजत नव्हतं. बारा वर्षांत हे कुणाला सांगितलेलं नाही.

तुमच्या दवाखान्यात मी बाटल्या धुवायला आलो आणि सर्जन होऊन बाहेर पडलो, ते माझ्या कानांच्या जोरावर, असं तुम्हीच चारचौघांत सांगायचात. थळची ती कोळीण आठवते? मी नळी टेकवली, लगेच उठलो आणि आतडं गप्प आहे, कापायला हवं म्हणालो. तुम्ही खिशातलं घड्याळ माझ्या हातात दिलंत. "आतडं गप्प आहे की तुला घाई आहे? पाच मिनिटं ऐक." मी ओणवा होऊन ऐकतोय, आणि ती म्हणतेय, "डागदर, आत कोन बोलतंय तं मना पन सांग." चौथ्या मिनिटाला गुरगुरलं. बाईचं पोट फाडायचं वाचलं. पाच मिनिटं ऐकूनही पोट गप्पच असेल तर मात्र त्याच तासाला कापायचं, हेही तुम्हीच शिकवलंत.

तुमच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं तेव्हा काकूंनी एरंडेल दिलं आणि तुम्ही ते निमूट घेतलंत. पोटदुखीवर एरंडेल पाजलं तर आतडं फुटतं म्हणून अख्ख्या कोळीवाड्याला झाडणारे तुम्ही! मी पोचलो तोवर पोट फळीसारखं झालेलं. पावसाळ्यामुळे मुंबईची बोट बंद. काकूंनी हत्यारं उकळत ठेवलेली. मी पुरती पाच मिनिटं ऐकलं. पोटातून काही नाही. ओटीवर जमलेल्यांची कुजबुज तेवढी येत होती, आता चेला गुरूला कापणार म्हणून. तुम्ही विचारलंत, "काय म्हणतंय?"

"वाजतंय. संध्याकाळपर्यंत पाहू."

तुम्ही सदरा खाली ओढलात. "कान तुझे. तू म्हणशील तसं." दिवेलागणीला गेलात.

आता गप्प पोटापुढे मी थांबत नाही. काही वाचतात, काही जातात. हात धुऊन बसलो की कंपाउंडर "झकास झालं, साहेब" म्हणतो. झकास झालेलं नसतं तेव्हाही म्हणतो. चूक काढणारं माणूस उरलेलं नाही.

कापूनही तुम्ही वाचला नसतात, असं मनाला सांगून पाहतो. पण खरं सांगायचं तर तेव्हा भीती तुमच्या मरणाची नव्हती. माझ्या हाताखाली गेलात तर ओटीवरची माणसं काय म्हणतील, याची होती.

या पत्रावर पत्ता घालायचा तर काकूंचाच. म्हणून ते जाणार नाही. त्यांना अजून वाटतं, तुम्ही त्यांच्या एरंडेलानं गेलात. आणि मी ते कधी खोडून काढलेलं नाही.