न सटकणारं मॅगझीन

१३ सप्टेंबर

पुन्हा सटकलं! कमरेच्या पट्ट्यातून गोळ्यांनी भरलेलं मॅगझीन काढलं, रायफलपर्यंत नेलं, आणि गेलं चिखलात. सगळ्या नेमबाजी क्लबासमोर. जोडीतल्या दोघांनी एकदमच पुढे सरकायचं असतं, त्यामुळे ड्यूई बिचारा रायफल खाली करून माझी वाट बघत उभा. मी वाकून चिखल चिवडतोय. नुसता सराव होता म्हणून बरं.

ड्यूईनं मॅगझीन पुसायला आपला रुमाल पुढे केला. आमची मुलं शाळेत होती तेव्हापासून आम्ही स्पर्धेत जोडीनं उतरतो. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ट्रकपाशी आल्यावर मात्र म्हणाला, "माझी भाची आलीय इकडे राहायला. ब्रिटा. नेम बरा आहे तिचा." मी काय दूधखुळा आहे, मला कळत नाही?

दोष मॅगझिनाच्या प्लास्टिकचा आहे. साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. डावा हात काय करणार!

१५ सप्टेंबर

मॅगझीन रिकामं केलं, उघडून स्प्रिंग बाजूला ठेवली आणि सोल्डरिंग आयर्न तापवून टोकानं ठिपके पाडायला बसलो. बोटाला पकड मिळाली की झालं. ओळ सरळ येईना. वर चढते, खाली उतरते. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास.

मार्लिस नाकाला ॲप्रन लावून आली. "एल्डन, माझ्या ओट्यावर काय जाळतोयस?" मग जवळ येऊन बघितलं आणि हसायलाच लागली. "अगं बाई! कांजिण्या आल्यात की बिचाऱ्याला!"

गॅरेजमध्ये हकालपट्टी झाली.

१६ सप्टेंबर

सुक्या गवताचा रंग मारला. वर तपकिरी फराटे. रिकामी होऊन खाली टाकलेल्या मॅगझिनांच्या ढिगात आपलं आपल्याला ओळखू यावं म्हणून प्रत्येक जण काही ना काही खुणेचं करतोच. माझं छान दिसतंय. ठिपक्यांच्या वाकड्या ओळीसुद्धा झाकल्या गेल्या.

१८ सप्टेंबर

रंगाची सालपटं निघाली! उकडलेल्या बटाट्याची निघतात तशी. भांड्यांच्या साबणानं धुतलं होतं, वर स्पिरिटनं पुसायला विसरलो. गाढव आहे मी. सगळं खरवडून पहिल्यापासून.

२० सप्टेंबर

सराव. दोनदा पडलं. ठिपके उथळ झालेत, दुसरं काय!

२४ सप्टेंबर

सकाळी कॉफीचा मग फुटला. माझ्या हातून. कान केवढासा त्याला, दोन बोटंसुद्धा जात नाहीत. असले मग विकत कोण घेतं?

मार्लिस तुकडे गोळा करताना म्हणाली, "परवा शर्टाची बटणंही मीच लावून दिली. हात दाखवून ये की रे एकदा."

"हाताला काही झालेलं नाही."

"मग मगाला झालंय का?"

मी उठून गॅरेजमध्ये गेलो. आयुष्यभर ट्रॅक्टरची इंजिनं खोलली आहेत या हातांनी. आणि डॉक्टर काय सांगणार ते मला ठाऊक आहे. आधी रायफल ठेवा म्हणेल, मग गाडी. मग मी खिडकीशी बसून खारी मोजू?

२८ सप्टेंबर

आजचा दिवस लिहूच नये. या वेळी रंग पार वरपर्यंत मारला होता. मॅगझिनाचा जो भाग रायफलीत शिरतो, त्यालाही! चिकटपट्टी लावून तेवढा झाकायचा असतो हे क्लबातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आत गेलं, ते बाहेर यायला तयार नाही. मी ओढतोय, हिसडतोय.

ड्यूई म्हणतो, "लग्न लागलं का रे त्यांचं?"

सगळे हसले. मीही हसलो. आतून नुसती आग होत होती.

३ ऑक्टोबर

गॅरेजमध्ये थंडी मरणाची. रंग सुकत नाही, नुसता सुरकुततो. हीटर लावून बसलो. ठिपक्यांचा नाद सोडला. आता आडवे-उभे खोल चरे, एकमेकांना छेदणारे, आणि प्रत्येक कड उभी, धारदार.

मार्लिसनं झाडताना एक उचललं आणि लगेच खाली टाकलं. "ही काय खवणी आहे?"

ती मुळूमुळू रडणाऱ्यांपैकी नाही. लहानपणापासून गाई पिळलेल्या बाईचे हात आहेत ते. पण मला तर अजून गुळगुळीतच लागतंय. आणखी खोल करायला हवं.

८ ऑक्टोबर

ड्यूईचा फोन. "शनिवारी स्पर्धेला ब्रिटालाही आणतोय. राखीव म्हणून. गरज पडलीच तर."

"गरज पडणार नाही."

"एल्डन, ऐक ना रे—"

फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. आपली जागा कुणी अशी आपल्या डोळ्यांदेखत उचलून दुसऱ्याला देतं का? वाईट वाटतंय. रागापेक्षा वाईटच जास्त.

राहिलेली सगळी मॅगझिनं पुन्हा कोरून काढली.

११ ऑक्टोबर

एकही नाही पडलं! एकही नाही!!

मुद्दाम मुठीत आवळून धरत होतो. काढलं, बसवलं, खट्! रिकामं झालं की खटका दाबायचा, आपोआप खाली. पुन्हा काढलं, बसवलं, खट्! ड्यूई आणि मी एका दमात पुढे सरकत होतो, पूर्वीसारखे. शेवटचं लक्ष्य पडलं तेव्हा त्यानं मला पाठीवर असा दणका घातला की टोपी उडाली. "म्हाताऱ्या, कुठे होतास इतके दिवस!"

ब्रिटा पोरगी चांगली आहे. म्हणाली, "काका, मलाही अशी करून द्याल?" मी म्हटलं, देतो की. हात थंडीनं आखडले होते, खिशात घालून बसलो. घरी येईपर्यंत ड्यूईची बडबड चालू. मला वाटलं, ओरडून सगळ्या गावाला सांगावं की दोष प्लास्टिकचाच होता.

११ ऑक्टोबर, जेवणानंतर

दारात मार्लिस किंचाळली. माझ्या जॅकिटाचा डावा खिसा रक्तानं भिजला होता. तळव्याची कातडी सोलून निघाली आहे, आडवी-उभी, चौकटी चौकटींची. तिनं जखम धुतली, औषध ओतलं, पट्टी बांधली.

"फार दुखतंय का रे?"

नाही म्हणालो. खरंच दुखत नाहीये.