सोमवारी सोडलेला टेम्पो

सोलापूर,
वैशाख, १९७६

चि. शिवयोगी जावईबापूंस सिद्धलिंगप्पाचे मनापासून आशीर्वाद. सिद्धरामेश्वराच्या कृपेने इकडे माझे गुडघे आणि शांतम्माचा राग जागच्या जागी आहेत. आमच्या लेकीला, रत्नम्माला, मुंबईचे पाणी मानवले का, ते कळवावे.

आपण मागे आलात तेव्हा विमान कंपनीतले आपले काम समजावून सांगितलेत. जमिनीवर उभे विमान खाते, हवेतले कमावते. म्हणून उतरले की माणसे उतरवून, झाडूनपुसून लगेच पुढच्या गावी धाडायचे, एकही विनाकारण उभे ठेवायचे नाही. मठातल्या शाळेत शिकलेल्या मलाही ते पटले. मग आपण अंगणात उभ्या असलेल्या माझ्या दोन टेम्पोंकडे पाहिलेत. तो सोमवार होता. (सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही, तो बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा, वार, ही वडिलांची रीत. बैल गेले, टेम्पो आले, रीत राहिली. टेम्पोला मान नसते, हे आपले म्हणणे बरोबर आहे.) जावयाचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? मी सोमवार मोडला.

आधी दर सोमवारी हरिबा ड्रायव्हर टेम्पो धुवायचा, तेलपाणी बघायचा, काचेला विभूती लावायचा. ते सगळे बंद झाले. गेल्या सोमवारी आपल्या धर्तीवर बेत केला: अक्कलकोट रोडवरच्या चनमल्लप्पांच्या कारखान्यातले टॉवेल स्टेशनवर टाकायचे आणि तसेच पुढे एक वऱ्हाड कार्यालयात पोचवायचे. मी हरिबाशेजारी बसलो होतो, वाटेतच इंजिन उकळले. "मालक, बैल असता तर बसला असता," हरिबा म्हणाला. "ह्याला बसता येत न्हाय, म्हनून उकळलं." चावी माझ्या हातात ठेवून तो चालत घरी गेला.

टॉवेलचे गठ्ठे दुसऱ्या टेम्पोत चढवून मी दुसऱ्या ड्रायव्हरला, कुंडलिकला, धाडले. उशीर झालेला, म्हणून तो स्टेशन सोडून थेट वऱ्हाडाकडे गेला आणि मंडळींना गठ्ठ्यांवरच बसवले. विचारले तर म्हणतो, "गठ्ठे उतरवीत बसलो असतो तर गाडी हुबी राहिली असती की. जावईबापूंनी न्हाय म्हनून सांगितलंय."

कार्यालयात नवरीच्या मामांना वाटले, आहेराचे टॉवेल आले. (टॉवेल-टोपी मिळाली नाही तर पाहुणा जन्मभर बोलून दाखवतो, हे आपण जाणता.) त्यांनी सढळ हाताने वाटले. पहिला मान मोठ्या पाहुण्याचा, म्हणजे चनमल्लप्पांचा. त्यांनी हात जोडून टॉवेल खांद्यावर घेतला, सवयीने किनार बोटांनी चाचपली, आणि कोपरा उलटून आपल्याच कारखान्याचा छाप पाहिला. स्टेशनवर माल आलाच नाही हे कळून मी धावत पोचलो, तर तोंड उघडण्याआधी माझ्याही खांद्यावर एक पडला. "सिद्धलिंगप्पा, माल पोचला म्हणायचा," एवढेच ते म्हणाले.

आता हरिबा गाडीवर असेल तरच ते माल देणार. दुसरे गिऱ्हाईक मला नाही. आणि हरिबा म्हणतो, आधी सोमवार परत द्या. मी दिला, पण त्याचा माझ्यावर भरवसा बसत नाही. "जावई पुन्ना आल्यावर?" असे विचारतो. दोन्ही टेम्पो रोजच उभे आहेत. पूजेला मात्र वेळ मिळतो.

ही तक्रार समजू नये. आपली विमाने सुखरूप उडत राहोत.

आपला,
सिद्धलिंगप्पा

ता. क. कंपनीच्या छापील कागदावर हरिबाच्या नावे चार ओळी लिहून धाडाव्यात, की मोठी विमानेसुद्धा ठरल्या दिवशी उभी करून तपासतात. (तसे नसल्यास साहेबांना सांगून सुरू करावे.)

आणखी एक. श्रावणात आम्हां दोघांना विमानात बसवायचे आपण कबूल केले आहे. शांतम्मा म्हणते, आदल्या दिवशी उभे राहिलेले विमान बघून द्यावे.