अर्थच्या वायरीखालचा रंग

गौलीगुडा, गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६

वहीबाई, चार दिवस तुला उघडलं नाही, रागावू नको. मीच रागात होतो.

वीस वर्षं माझ्याच गॅरेजात येणारे वकीलसाहेब जुनी गाडी कुकटपल्लीच्या यादगिरी मेकॅनिककडे घेऊन गेले. दसऱ्यापासून तिचं इंजिन ठोके चुकवत होतं, आणि हॉर्न दाबला की दिवे मंद व्हायचे. मी प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडला. पण हॉर्न दाबल्यावर दिवे का मंदावतात, याचा विचार केला का मी? नाही.

आज राहवलं नाही, बसने बघायला गेलो. काचेची केबिन, नव्या गाड्यांची रांग, आणि वकीलसाहेबही तिथेच. नुसता जळफळाट. यादगिरीने मला खुर्ची दिली, वर म्हणाला, "उस्ताद, इंजन में कुच नै. बॅटरी के अर्थ कू रंग आडा आरा था, बस." त्याने पत्रा घासून अर्थची, म्हणजे बॅटरीतून गाडीच्या पत्र्याला जोडलेली, वायर परत आवळली. हॉर्न दाबला. दिवे मंदावले नाहीत.

खंडेनवमीच्या पूजेसाठी बॉनेटखाली रंग मीच मारला होता, हौसेने. वायर त्या रंगावरच आवळली.

वकीलसाहेबांनी विचारलं, "रंग कुणी मारला?"

"पुराना होगा साब," यादगिरी म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याने नाव घेतलं असतं तर निदान भांडता आलं असतं. आता त्याचा चांगुलपणाही सोसवत नाही.

वहीबाई, त्यांना सांगायचं ते आधी तुझ्यातच लिहितो: वकीलसाहेब, रंग माझाच होता. तोंडावर सांगेन, पण आपणहून यायला पाय उचलत नाही. एकदा बोलवा. लवकर निरोप धाडा.