वर बघा

आबा, तुमचे जावई परवा चमचाभर पाणी प्यायले. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, माझं लग्न तुमच्या माघारी झालं. पण माणूस बरा आहे, तुम्हाला आवडला असता. फक्त तुमच्यासारखा हट्टी आहे आणि जेवायला बसला की तुमच्याइतकाच बडबडतो. मागच्या आठवड्यात सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश गळून पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि मला त्याच क्षणी कळलं. ते कळायला मला डॉक्टर लागत नाही. अंगावरून वारं गेलेला माणूस मी ऐन तरुणपणी इतक्या जवळून पाहिलाय, की पुढे जन्मभर कुणी जरासं अडखळून बोललं तरी मी त्याच्या ओठांकडे बघत राहायची. मुलाने गाडी काढली, उशीर न करता मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथे त्यांच्या डोक्याचा फोटो काढला, कसलंसं इंजेक्शन दिलं. त्याबद्दल मी लिहीत नाहीये. ती यंत्रं आणि ती इंजेक्शनं तुमच्या वेळी कुठेच नव्हती, मग त्यांच्यासाठी भांडायचं तरी कुणाशी? मी लिहितेय ते त्या चमच्याबद्दल.

आपली सालवडची खोली मला अजून दिसते. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं म्हणून तुम्ही साताऱ्याकडून आलात, मागोमाग आम्ही मायलेकी. काँक्रीट ओतायला फळ्यांचे साचे ठोकायचे, हे तुमचं काम. संध्याकाळी घरी आलात की केसांत भुसा आणि शर्टाला ओल्या सिमेंटचा वास. मी मॅट्रिकला गेले त्या वर्षी तुम्ही मुकादमाला विचारून निरुपयोगी झालेल्या फळ्या आणल्यात आणि माझ्यासाठी खुर्ची केलीत. पाठ उंच, सरळ, रंधा मारून गुळगुळीत केलेली. घरात दुसरं काही बसायला नव्हतं. आई कुरकुरली, "पोरीला खुर्ची, आन् आमी भुईवर?" त्यावर तुम्ही म्हणालात, "तिची परीक्षा झाली की तू बस की. कोन नाय म्हनतंय?" ती काही कधी बसली नाही. मीही बसायची ती अभ्यासापुरतीच. एका दुपारी मी आडवी पडून, पुस्तक छातीवर धरून शेंगदाणे खात होते, तर तुम्ही दारातूनच कडाडलात, "मेल्यावानी पडून काय खातीस? नरड्यात अडकंल. ऊठ, ताठ बस." माझ्यावर तुम्ही आवाज चढवलात तो बहुतेक तेवढाच. मी फुगून बसले आणि रात्री जेवले नाही. त्या बोलण्याचं पुढे काय होणार आहे हे तेव्हा तुम्हालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

आणि मग एक दिवस कामावरून तुम्हाला घरी आणलं ते फळ्यांच्या ट्रकमधून, फळ्यांवरच झोपवून. बरोबरचे दोघे घाबरलेले. एकजण सांगत होता, हातोडी उचलायला वाकले ते तसेच बसले, आणि बोलायला गेले तर नुसता आवाज. बोईसरच्या डॉक्टरने पट्टा गुंडाळून दाब पाहिला आणि पालघरला न्यायला सांगितलं. पालघरच्या त्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, तीच तर सगळी अडचण आहे. एक लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा, सगळ्यांना मिळून एक नर्स आणि एक आया. डॉक्टर तरुण होते, डोळ्यांखाली काळं. तुमचा उजवा हात उचलून त्यांनी सोडला, तो धपकन खाली पडला. आईला म्हणाले, "बाई, खोटं सांगत नाही, याला आमच्याकडे औषध नाही. पूर्ण विश्रांती द्यायची. उठवायचं नाही, बसवायचं नाही, हलवायचं नाही. खायला-प्यायला तुम्ही घाला." आईने ते शब्द देववाणीसारखे धरले. ती तुमच्या डोक्याखालची उशीसुद्धा काढून घेते. तुम्ही उताणे, सपाट, छताकडे बघत.

आणि मग आई भरवायला बसते. पेज करायला ती सालवडला आल्यावर शेजारणींकडून शिकली होती. दवाखान्याच्या मागच्या पडवीत तीन दगड मांडून ती पातळ पेज शिजवायची, पदराने गाळून घ्यायची आणि फुंकर घालून घालून चमच्याने तुमच्या तोंडात सोडायची. पहिल्याच चमच्याला तुम्हाला ठसका लागला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं. आणि आई, आबा, आई हसली. त्या दिवसात पहिल्यांदा. तुमच्या टाळूवर हात ठेवून म्हणाली, "वर बघा, वर बघा. आत्याबाई आठवन काढाय लागल्यात गावाकडं." मी तुमची हनुवटी धरून वर केली. दुसरं काय करणार? आपल्याकडे लहान पोराला ठसका लागला तरी हेच करतात, हेच बोलतात. तुम्ही माझ्या लहानपणी मला हेच केलं होतंत. त्या ठसक्यात आईला तिची सासू, मला आजी दिसत होती, गावचं घर दिसत होतं, तुमच्यामागे कुणीतरी आहे असं वाटत होतं. दवाखान्यात दुसरं कुणी आमच्याशी तुमच्याबद्दल काही बोलत नव्हतं. तो ठसका तेवढा बोलत होता.

पुढे पुढे तर त्याची आम्ही वाटच बघायला लागलो. ठसका लागला की आई एकेकाचं नाव घ्यायची, आत्याचं, काकांचं. आपल्याकडे मासळी घेऊन येणारी दांडी गावची मावशी एवढ्या लांब तुम्हाला बघायला आली. टोपलीत मासळी नव्हती, शहाळी होती. ती म्हणाली, "तुमी घाबरू नका गो. पोटात कायतरी गेला पायजे, नाय गेला तर ताकद कशी येल?" तिने स्वतःच्या हाताने शहाळ्याचं पाणी तुमच्या तोंडात सोडलं, तुम्ही गुदमरलात, आणि तीही बिचारी म्हणाली, "कोनतरी लय आठव काढते." भेटायला आलेला प्रत्येकजण एक तरी चमचा घालूनच उठायचा. आजाऱ्याला नुसतं बघून जायचं नसतं ना आपल्यात. तुम्ही ओठ घट्ट मिटून घ्यायचात. डाव्या हाताने चमचा ढकलायचात, एकदा तर पेजेची वाटी उलटवलीत. आई मला म्हणाली, "रुसल्यात. घरी जायचं म्हनत्यात." ती मग तुमचा डावा हात आपल्या मांडीखाली धरून भरवायला लागली. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. ते डोळे मला अजून दिसतात. तुम्हाला सगळं कळत होतं आणि सांगायला एक शब्दही शिल्लक नव्हता.

गावाकडे तार केली होती. ठसका इतका लागतोय म्हणजे आजी झुरतेय, तिला इथे आणलं की तुम्हाला उतार पडेल, असं आईचं म्हणणं. आजी आली. काठी टेकत, धापा टाकत त्या लांब खोलीत शिरली. आल्या आल्या पिशवीतून दशमी काढली, दुधात कुस्करली आणि तुमचं डोकं मांडीवर घेऊन भरवायला बसली. तुम्ही तिच्याकडे बघून ओठ उघडलेत. आमच्यापुढे मिटलेलं तोंड तुमच्या आईपुढे उघडलंत. आम्हाला बरं वाटलं. आणि मग ठसका लागला, आधीच्या सगळ्यांपेक्षा जोराचा, थांबेचना. आईचा हात सवयीने तुमच्या टाळूकडे गेला. आजीने वर पाहिलं आणि विचारलं, "म्या तर हितं हाय. मग आता ह्याची आठवन कोन काढतंय?"

आईचा हात तसाच हवेत. आजी एकदा आईकडे बघते, एकदा माझ्याकडे. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. शेजारच्या खाटेवरचा रोगीही मान वळवून आमच्याकडे बघायला लागला. मग आजीने वाटी खाली ठेवली, आणि तुम्हाला पुन्हा कुणी काही भरवलं नाही. भरवायची वेळच आली नाही. त्याच संध्याकाळी ताप चढला, छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर आले, नळी लावून ऐकलं, म्हणाले, "छातीत पाणी झालंय, न्यूमोनिया." कुठून आलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा खिडक्या सगळ्या बंद होत्या, आणखी वारं लागू नये म्हणून.

एवढी वर्षं मला वाटायचं की तुम्ही वाऱ्याने गेलात. असते एकेकाची वेळ, असं म्हणून मी गप्प बसायला शिकले होते. आणि आता ह्या हॉस्पिटलात एक पोरगी आली, माझ्या नातीच्या वयाची. तुमच्या जावयांच्या खाटेवर तिने पाटी अडकवली होती, तोंडाने काही देऊ नये. मी थर्मासमधला चहा बशीत ओतत होते, तर तिने बशीच काढून घेतली. "आजी, एक चमचासुद्धा नाही. आधी मी बघणार गिळता येतंय का. नाहीतर ते पोटात न जाता फुप्फुसात जातं. ठसका लागला तर मला लगेच सांगायचं." मी विचारलं, ठसका लागला तर काय? ती सहज म्हणाली, "तीच तर खूण असते." आबा, मी खुर्चीत होते म्हणून बरं.

मग तिने काय केलं सांगू? खाटेचा वरचा भाग उचलून त्यांना ताठ बसवलं. पाठीमागे उशा लावल्या. म्हणाली, "काका, वर नाही बघायचं. खाली बघा. हनुवटी छातीला लावा, आता गिळा." स्टीलचा चमचा आणि ग्लासभर पाणी. बस, एवढंच. एवढं सांगणारं कुणी भेटलं असतं, तर आपल्याकडे चमचा होता, आबा. पाणी होतं. पाठ टेकायला तुमच्याच हातची खुर्ची सालवडला रिकामी पडली होती. तुम्ही वाचलाच असतात असं मी म्हणत नाही. तीच पोरगी म्हणाली की तरीही पुष्कळ जातात. पण आमच्या हातून तरी गेला नसतात. आई मरेपर्यंत म्हणायची, मी त्यांना एक दिवस उपाशी ठेवलं नाही. तो तिचा अभिमान होता. ती आज नाही याचं मला बरं वाटतं, आणि असं बरं वाटावं याचा संतापही येतो.

रागवायचं कुणावर? औषध नाही म्हणाला म्हणून त्या डॉक्टरवर मी कितीतरी वर्षं दात खाल्ले. पण त्याला शिकवलं तेच त्याने सांगितलं, आणि नर्सने एकटीने कुणाकुणाचा घास बघायचा? बरं, हे सगळं आता संपलं म्हणावं तर तेही नाही. समोरच्या खाटेवर डोंगराकडच्या गावातला एक माणूस आहे. दोन-तीन दवाखाने फिरून, फार उशिरा इथे पोचलेला. काल त्याची बायको चादरीआडून त्याला पेज पाजत होती, तो उताणा. मी धावत जाऊन तिचा हात धरला. ती रडकुंडीला आली, "उपाशी कसा ठेवू बाय? त्याच्या पोटात काय नाय." मी तिला तीन-तीनदा समजावलं. तिने मान हलवली. मी वळले आणि तो ठसकला, आणि मागून तिचा आवाज आला, "वर बघ, वर बघ." नर्सला बोलावून आणेपर्यंत वाटी रिकामी झाली होती. आज सकाळी त्याला ताप होता.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. तुमच्या जावयांना तर मुळीच नाही, त्यांना उद्या-परवा घरी सोडतायत आणि घरी आले की ते सगळे कप्पे उचकतात, तेव्हा त्याआधी फाडूनच टाकेन. पण एक सांगायचं राहिलं. परवा त्यांनी तो चमचा गिळला तेव्हा ठसका लागला नाही. पोरगी म्हणाली, "शाब्बास काका." मुलगा रडायला लागला. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले, सगळ्यांना वाटलं, मला आनंदाने भरून आलं. आबा, मला आनंद झाला नव्हता. मी त्या भल्या माणसावर रागावले होते, त्याने इतक्या सहज गिळलं म्हणून.